सार्वजनिक जागेतील डिजिटल यंत्रणा आणि पारदर्शकता : लखनौ छावणीच्या निमित्ताने

लखनौच्या चारबाग रेल्वे स्थानकातून बाहेर पडलेला एखादा प्रवासी सदर बाजारमार्गे हजरतगंजकडे पायी निघाला, तर सुमारे तासाभराच्या या वाटेत तो तीन निरनिराळ्या प्रशासनांच्या हद्दीतून जातो. स्थानकाचा परिसर रेल्वेचा असतो. सदर बाजार हा लखनौ छावणीचा, म्हणजे संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील कटक मंडळाचा भाग आहे. पुढे हजरतगंज येते ते लखनौ महानगरपालिकेच्या हद्दीत. रस्त्याने चालणाऱ्याला या सीमारेषा दिसत नाहीत. मात्र खांबावर बसवलेला कॅमेरा कोणाचा आहे, तो कशासाठी आहे आणि त्यातील चित्रण किती दिवस ठेवले जाते, या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक हद्दीत बदलतात.

आपल्या शहरांत गेल्या दोन दशकांत डिजिटल यंत्रणांची झपाट्याने वाढ झाली आहे. गुन्हे रोखणे, वाहतूक सुरळीत ठेवणे, महिलांना सुरक्षित वाटावे असे वातावरण निर्माण करणे, हवेचे प्रदूषण मोजणे अशी त्यांची उद्दिष्टे आहेत आणि ती निःसंशय लोकहिताची आहेत. प्रश्न उद्दिष्टांचा नाही. सार्वजनिक पैशातून, सार्वजनिक जागेत, सर्वसामान्य नागरिकांवर रोखलेल्या या यंत्रणांची माहिती त्या नागरिकांना असावी की नाही, हा खरा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात लखनौ छावणीच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे.

पाहणे, मोजणे आणि ओळखणे

सार्वजनिक जागेतील सर्व यंत्रणा एकाच प्रकारच्या नसतात. त्यांचे ढोबळमानाने तीन वर्ग करता येतील. पहिला वर्ग केवळ मोजणाऱ्या यंत्रांचा. हवेतील धूलिकण, आवाजाची पातळी, रस्त्यावरून जाणाऱ्या वाहनांची संख्या यांची नोंद करणारे संवेदक, म्हणजे ज्यांना आपण सेन्सर म्हणतो, ते या वर्गात येतात. त्यांना व्यक्ती कोण आहे याच्याशी कर्तव्य नसते.

दुसरा वर्ग पाहणाऱ्या यंत्रांचा. साधा सीसीटीव्ही कॅमेरा चित्रण करतो आणि ते साठवतो. घटना घडल्यावर ते चित्रण कोणीतरी बसून पाहावे लागते. साठवणुकीची जागा मर्यादित असल्याने ठरावीक दिवसांनंतर जुन्या चित्रणावर नवे चित्रण चढते.

तिसरा वर्ग ओळखणाऱ्या यंत्रांचा होय. वाहनाची क्रमांकपट्टी वाचणारी यंत्रणा वाहनमालकापर्यंत पोहोचते. चेहरा ओळखणारी यंत्रणा चेहऱ्यावरील डोळे, नाक, हनुवटी आदींच्या परस्पर अंतरांवरून व ठेवणीवरून एक गणिती आकृतिबंध तयार करते आणि तो आधीपासून साठवलेल्या आकृतिबंधांशी ताडून पाहते. याचे पुन्हा दोन प्रकार आहेत. विमानतळावरील ‘डिजियात्रा’ सेवेत प्रवासी स्वतःहून आपले छायाचित्र देतो व यंत्र त्याची पडताळणी करते. ही एकास एक अशी तुलना असते. डिसेंबर २०२२ मध्ये दिल्ली, बंगळुरू व वाराणसी येथे ही सेवा सुरू झाली आणि पुढील वर्षी लखनौ विमानतळाचाही तिच्यात समावेश झाला. याउलट गर्दीतील प्रत्येक चेहरा संशयितांच्या यादीशी ताडणे ही एकास अनेक अशी तुलना होय. येथे व्यक्तीची संमती नसते आणि चुकीची शक्यताही वाढते.

ही चूक कशी वाढते, हे साध्या हिशोबाने समजून घेता येईल. समजा, एका चौकातून दिवसाला एक लाख माणसे जातात आणि यंत्राची चुकीने जुळणी करण्याची शक्यता हजारात एक इतकीच आहे. तरीही दररोज शंभर निरपराध व्यक्तींवर संशयाची खूण उमटेल. म्हणूनच किती टक्के साम्य आढळल्यास जुळणी ग्राह्य धरावयाची, हा आकडा केवळ तांत्रिक राहत नाही. २०२२ मध्ये माहितीच्या अधिकाराखाली विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देताना दिल्ली पोलिसांनी ८० टक्क्यांहून अधिक साम्य असल्यास जुळणी झाली असे मानले जाते, असे कळवले. हा आकडा योग्य की अयोग्य, यावर दुमत होऊ शकते. परंतु तो जाहीर झाल्यानंतरच त्यावर चर्चा शक्य झाली, हे लक्षात घ्यावयास हवे.

छावणी : एक रस्ता, अनेक अधिकारी

१८५७ च्या उठावानंतर लखनौची लष्करी वसाहत दिलकुशा परिसरात वसली. आज येथे भारतीय सैन्याच्या मध्य विभागाचे मुख्यालय, कमांड रुग्णालय आणि ११ गोरखा रायफल्सचे प्रशिक्षण केंद्र आहे. त्याचबरोबर सदर बाजारासारखी दाट नागरी वस्तीही आहे. २०११ च्या जनगणनेनुसार छावणीची लोकसंख्या साठ हजारांहून अधिक होती. थोडक्यात, येथे लष्करी आस्थापना आणि नागरी बाजारपेठ एकमेकांना लागून आहेत.

छावणीचा कारभार ‘छावणी अधिनियम, २००६’ नुसार चालतो. लष्कराचे स्थानिक प्रमुख हे कटक मंडळाचे पदसिद्ध अध्यक्ष असतात आणि मुख्य कार्यकारी अधिकारी हे संरक्षण संपदा सेवेतील असतात. केंद्रीय अनुदाने व कल्याणकारी योजनांच्या अंमलबजावणीपुरते कटक मंडळ हे संविधानाच्या अनुच्छेद २४३ त मधील नगरपालिकेसमान मानले जाते. छावणीतील पाणीपुरवठा, स्वच्छता, दिवाबत्ती मंडळाकडे. कायदा व सुव्यवस्था राज्याच्या पोलिसांकडे. तर लष्करी आस्थापनांची सुरक्षा सैन्याकडे, अशी जबाबदारीची विभागणी आहे. लखनौमध्ये जानेवारी २०२० पासून पोलीस आयुक्तालय पद्धती लागू झाली. छावणीबाहेरील शहरात महानगरपालिकेबरोबर ‘स्मार्ट सिटी’ अभियानासाठी स्थापन झालेली स्वतंत्र कंपनीही आहे. जून २०१५ मध्ये सुरू झालेल्या या अभियानात लखनौची निवड मे २०१६ मध्ये झाली. अभियानाची मुदत ३१ मार्च २०२५ रोजी संपली असली, तरी त्यातून उभी राहिलेली नियंत्रण केंद्रे व कॅमेऱ्यांची जाळी शहरांत कायम आहेत.

आता सदर बाजारातील एखाद्या महिलेची पर्स हिसकावली गेली असे समजू. त्या जागेचे चित्रण तिला तपासासाठी जतन करून हवे आहे. समोरच्या खांबावरील कॅमेरा कटक मंडळाचा आहे, पोलिसांचा आहे, की एखाद्या दुकानदाराचा आहे? अर्ज कोणाकडे करावयाचा? चित्रण किती दिवसांत पुसले जाणार? खांबावर काहीच लिहिलेले नसेल, तर या चौकशीतच मोलाचे दिवस निघून जातात. पारदर्शकतेचा अभाव येथे खाजगीपणाच्याच नव्हे, तर सुरक्षेच्याही आड येतो.

लोकप्रतिनिधित्वाचा मुद्दाही येथे विचारात घ्यावयास हवा. देशातील ५७ कटक मंडळांच्या निवडणुका एप्रिल २०२३ मध्ये घेण्याचे जाहीर झाले होते. परंतु छावण्यांमधील नागरी भाग लगतच्या नगरपालिकांना जोडण्याच्या विचारामुळे त्या रद्द करण्यात आल्या. निवडून आलेला वॉर्डातील सदस्य नसेल, तेथे खांबावरील यंत्राबद्दल प्रश्न विचारण्याचे नागरिकांचे नेहमीचे दार बंद होते. अशा ठिकाणी प्रशासनाने स्वतःहून माहिती देण्याचे महत्त्व अधिकच वाढते. महाराष्ट्रातही पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, कामठी, अहिल्यानगर व छत्रपती संभाजीनगर अशा सात छावण्या आहेत. त्यामुळे हा प्रश्न केवळ लखनौपुरता मर्यादित नाही.

चेहऱ्यावरील भाव वाचणारा कॅमेरा

निर्भया निधीतून देशातील आठ शहरांमध्ये ‘सुरक्षित शहर’ प्रकल्प मंजूर करण्यात आला. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू, हैदराबाद, अहमदाबाद आणि लखनौ ही ती शहरे होत. लखनौच्या वाट्याला १९४.४४ कोटी रुपयांचा प्रकल्प आला. कॅमेऱ्यांबरोबरच महिला पोलिसांची गस्त, मदत केंद्रे, रस्त्यांवरील दिवे अशा बाबी त्यात होत्या.

जानेवारी २०२१ मध्ये लखनौच्या पोलीस आयुक्तांनी एक वेगळी योजना जाहीर केली. महिलांची वर्दळ अधिक असलेली आणि तक्रारी अधिक येणारी सुमारे २०० ठिकाणे निश्चित करण्यात आली असून तेथे कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित कॅमेरे बसवले जातील. संकटात सापडलेल्या महिलेच्या चेहऱ्यावरील भाव बदलताच कॅमेरा ते टिपेल आणि तिने मदतीसाठी दूरध्वनी करण्यापूर्वीच जवळच्या पोलीस ठाण्याला इशारा जाईल, असे त्या योजनेचे स्वरूप सांगण्यात आले.

या घोषणेमागील हेतू स्वागतार्ह होता. परंतु तिच्यातून अनेक प्रश्न उद्भवले. चेहऱ्यावरील भावांवरून मनातील भावना विश्वासार्हपणे ओळखता येते, हे गृहीतकच विज्ञानाच्या दृष्टीने वादग्रस्त आहे. मानसशास्त्रज्ञ लिसा फेल्डमन बॅरेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये या विषयावरील संशोधनाचा विस्तृत आढावा घेतला आणि चेहऱ्याच्या हालचाली व भावना यांचा संबंध व्यक्ती, प्रसंग व संस्कृतीनुसार बदलतो, असा निष्कर्ष काढला. माणूस रागावला की प्रत्येक वेळी कपाळाला आठ्या घालतोच असे नाही आणि आठ्या घातलेला प्रत्येक माणूस रागावलेलाच असतो असेही नाही. मैत्रिणीशी वाद घालणारी, परीक्षेचा निकाल ऐकून खिन्न झालेली किंवा उन्हाने त्रासलेली तरुणी यंत्राला संकटग्रस्त वाटू शकते. उलट, भीतीने चेहरा निर्विकार झालेली महिला यंत्राच्या नजरेतून सुटू शकते. पहिल्या चुकीमुळे पोलिसांचा वेळ वाया जातो व महिलेला अनावश्यक चौकशीला तोंड द्यावे लागते. दुसऱ्या चुकीमुळे ज्या महिलेसाठी यंत्रणा उभारली तीच मदतीविना राहते.

येथे पारदर्शकतेची खरी उपयुक्तता स्पष्ट होते. अशी यंत्रणा विकत घेण्यापूर्वी तिच्या चाचणीचे निष्कर्ष, चुकांचे प्रमाण, चित्रण साठवण्याचा कालावधी आणि ते पाहण्याचा अधिकार कोणाला आहे, हे जाहीर करण्याचा नियम असेल, तर शास्त्रज्ञ, महिला संघटना आणि करदाते यांना वेळीच मत मांडता येते. सदोष यंत्रावर होणारा खर्चही टळू शकतो.

पारदर्शक कोणी व्हावयाचे?

याच शहरातील आणखी एक प्रकरण या संदर्भात उद्बोधक आहे. मार्च २०२० मध्ये लखनौच्या रस्त्यांवर प्रशासनाने मोठे फलक लावले. डिसेंबर २०१९ मधील आंदोलनात मालमत्तेचे नुकसान केल्याचा आरोप असलेल्या व्यक्तींची नावे, छायाचित्रे व पत्ते त्यांवर होते. अलाहाबाद उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन ९ मार्च २०२० रोजी हे फलक काढण्याचा आदेश दिला. अशा प्रसिद्धीला कायद्याचा आधार नाही व ती खाजगीपणाच्या अधिकारात अवाजवी हस्तक्षेप करते, अशी न्यायालयाची भूमिका होती. सर्वोच्च न्यायालयाने १२ मार्च रोजी या आदेशाला स्थगिती न देता प्रकरण मोठ्या पीठाकडे सोपवले.

फलक हे काही डिजिटल तंत्रज्ञान नव्हे. तथापि, या प्रकरणातून एक तत्त्व पुढे येते. लोकशाहीत पारदर्शकता ही शासनाच्या कारभाराला लागू होते; नागरिकाच्या खाजगी जीवनाला नव्हे. सार्वजनिक जागेतील यंत्रणांचा कल नेमका उलट दिशेने असू शकतो. नागरिक यंत्रणेला पूर्णपणे दिसतो, यंत्रणा मात्र नागरिकाला दिसत नाही. हा असमतोल कमी करणे हे पारदर्शकतेचे उद्दिष्ट आहे.

कायद्याची चौकट

न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणाचा अधिकार हा अनुच्छेद २१ चा अविभाज्य भाग असल्याचा एकमताने निर्णय दिला. माणूस रस्त्यावर आला म्हणून तो हा अधिकार संपूर्णपणे गमावत नाही, हेही या निर्णयातून स्पष्ट होते. हा अधिकार अनिर्बंध नाही. मात्र त्यावर मर्यादा घालताना कायद्याचा आधार, वैध उद्दिष्ट आणि उद्दिष्टाशी प्रमाणबद्ध असा उपाय या कसोट्या पूर्ण व्हाव्या लागतात.

दुसरा आधार १२ ऑक्टोबर २००५ पासून संपूर्णपणे अमलात आलेल्या माहिती अधिकार अधिनियमाचा. महाराष्ट्राने तत्पूर्वीच, २००२ मध्ये, स्वतःचा कायदा केला होता. केंद्रीय कायद्याच्या कलम ४ नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने १७ प्रकारची माहिती मागणीची वाट न पाहता स्वतःहून प्रसिद्ध करावयाची असते. कटक मंडळ, महानगरपालिका, पोलीस आणि शासनाच्या मालकीची स्मार्ट सिटी कंपनी ही सर्व या कायद्याच्या कक्षेत येतात. फरक एवढाच, की कटक मंडळाविरुद्धचे द्वितीय अपील केंद्रीय माहिती आयोगाकडे, तर महानगरपालिका वा राज्य पोलिसांविरुद्धचे राज्य माहिती आयोगाकडे जाते. कॅमेरा कोणाचा हे ठाऊक नसलेल्या नागरिकाला अर्ज कोठे करावयाचा हेदेखील समजत नाही, ते याचमुळे.

कलम ८ (१) (क) नुसार देशाच्या सुरक्षेला बाध आणणारी माहिती नाकारता येते. तथापि, कलम १० नुसार नाकारण्याजोगा भाग वगळून उर्वरित माहिती द्यावी लागते आणि कलम ८ (२) नुसार सार्वजनिक हित अधिक मोठे असल्यास अपवादात मोडणारी माहितीही देता येते. छावणीच्या बाबतीत ही दोन कलमे विशेष महत्त्वाची आहेत.

तिसरा कायदा म्हणजे ‘डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३’. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. डेटा संरक्षण मंडळासंबंधीच्या तरतुदी तत्काळ, तर सूचना, संमती इत्यादी प्रमुख दायित्वे अठरा महिन्यांनी लागू करण्याचे ठरले. गुन्ह्यांचा प्रतिबंध व तपास यांसाठी या कायद्यात व्यापक सवलती आहेत आणि केंद्र सरकार काही शासकीय संस्थांना त्यातून वगळू शकते. याच कायद्याने माहिती अधिकारातील वैयक्तिक माहितीविषयीच्या कलम ८ (१) मधील तरतुदीतही बदल केला असून आता वैयक्तिक माहितीला सरसकट अपवाद मिळाला आहे. कॅमेऱ्याचे ठिकाण, मालकी, खर्च व उद्देश ही मात्र कोणाचीही वैयक्तिक माहिती नव्हे, हे ध्यानात ठेवावयास हवे.

आपल्याच व्यवस्थेतील दोन दाखले

यंत्रणेची सूचना नागरिकांना देणे ही परदेशी कल्पना आहे, असा एक समज आढळतो. तो बरोबर नाही. मोटार वाहन अधिनियमात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३६ अ समाविष्ट झाले आणि त्यानुसार ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियम १६७ अ तयार करण्यात आला. वेगमर्यादा, सिग्नल आदींचे उल्लंघन टिपणाऱ्या कॅमेऱ्यांना तो लागू आहे. अशा यंत्राला राज्य शासनाच्या नियुक्त प्राधिकरणाचे प्रमाणपत्र असावे लागते व त्याचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. कॅमेऱ्याच्या टप्प्यात येण्यापूर्वी ठळक सूचनाफलक लावावा लागतो आणि उल्लंघनाची सूचना १५ दिवसांत पाठवावी लागते. या नियमात नमूद केलेल्या १३२ शहरांत उत्तर प्रदेशातील १७ व महाराष्ट्रातील १९ शहरे आहेत.

दुसरा दाखला सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाचा आहे. परमवीर सिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजी न्यायालयाने सर्व पोलीस ठाण्यांत कॅमेरे बसवण्याचे निर्देश दिले. त्याचबरोबर ठाण्याच्या प्रवेशद्वारावर व आत इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत मोठे फलक लावून परिसर कॅमेऱ्याच्या निगराणीखाली असल्याचे, चित्रण किमान किती काळ जतन केले जाते याचे आणि तक्रार कोणाकडे करता येते याचे निवेदन करावे, असेही सांगितले.

यंत्राची वार्षिक तपासणी, पूर्वसूचना देणारा फलक, जतनाचा कालावधी आणि तक्रारीचा मार्ग ही पारदर्शकतेची चारही अंगे या दोन दाखल्यांत आढळतात. वाहनाचा वेग मोजणाऱ्या कॅमेऱ्याला जो नियम लागू आहे, तो माणसाचा चेहरा वाचणाऱ्या कॅमेऱ्याला लागू नसावा, ही विसंगती दूर होणे आवश्यक आहे.

इतर देशांतील प्रयोग

कॅनडातील टोरंटो शहरात २०१७ मध्ये एका खाजगी कंपनीच्या सहभागातून जलकिनारी संवेदकांनी सज्ज अशी वसाहत उभारण्याचा प्रकल्प जाहीर झाला. माहिती कोणाच्या ताब्यात राहील यावरून तेथे मोठा वाद झाला. मे २०२० मध्ये आर्थिक अनिश्चिततेचे कारण देऊन तो प्रकल्प सोडून देण्यात आला. मात्र त्या काळात रस्त्यावरील यंत्रांसाठी सर्वांना समजतील अशा चिन्हांची एक खुली पद्धती २०१९ मध्ये तयार झाली व पुढे अमेरिकेतील बोस्टनसारख्या शहरांनी ती वापरून पाहिली. यंत्राचा उद्देश, त्याची मालकी आणि व्यक्तीची ओळख पटवली जाते की नाही, हे त्या चिन्हांतून कळते. अधिक माहितीसाठी भ्रमणध्वनीने वाचता येणारा संकेत असतो.

अॅमस्टरडॅम आणि हेलसिंकी या शहरांनी सप्टेंबर २०२० मध्ये महापालिका वापरत असलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालींची सार्वजनिक नोंदवही सुरू केली. डिसेंबर २०२१ पासून अॅमस्टरडॅममध्ये सार्वजनिक जागेत संवेदक बसवणाऱ्या प्रत्येकाला त्याची नोंद महापालिकेकडे करणे बंधनकारक आहे. न्यूयॉर्कने २०२० मध्ये कायदा करून पोलिसांना निगराणीच्या साधनांची माहिती व त्यांच्या वापराचे धोरण प्रसिद्ध करावयास लावले. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्याने कामाच्या ठिकाणी व शिक्षणसंस्थांत भावना ओळखणाऱ्या प्रणालींना, वैद्यकीय व सुरक्षाविषयक कारणे वगळता, मनाई केली आहे. इतरत्र अशी प्रणाली वापरावयाची झाल्यास संबंधित व्यक्तींना तसे कळवण्याची तरतूदही या कायद्यात आहे.

सुरक्षा आणि गुप्तता यांतील भेद

छावणीच्या बाबतीत एक आक्षेप स्वाभाविकपणे घेतला जाईल. लष्करी परिसरातील यंत्रणांची माहिती जाहीर केल्यास शत्रूला मदत होणार नाही काय? मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर हजारो कॅमेऱ्यांचे जाळे उभारण्यात आले, ते सुरक्षेच्या निकडीतूनच. या आक्षेपाकडे दुर्लक्ष करता येणार नाही.

परंतु यंत्रणेचे अस्तित्व आणि तिची कार्यपद्धती यांत भेद करावयास हवा. मुख्यालयाच्या कुंपणावरील कॅमेऱ्यांची संख्या, त्यांचे कोन, त्यांच्या नजरेत न येणाऱ्या जागा, नियंत्रण कक्षाची रचना ही माहिती गुप्त राहणेच योग्य आहे. सदर बाजारातील भाजी विक्रेत्यांवर रोखलेला कॅमेरा कोणत्या कार्यालयाचा आहे व त्याचे चित्रण किती दिवस राहते, ही माहिती मात्र गुप्त ठेवून कोणतेही संरक्षण साध्य होत नाही. उलट, कॅमेरा असल्याचा ठळक फलक गुन्हेगाराला परावृत्त करण्यास उपयोगी पडू शकतो. पेट्रोल पंपापासून सराफी पेढीपर्यंत सर्वत्र ‘आपण कॅमेऱ्याच्या निगराणीखाली आहात’ अशी पाटी लावली जाते, ती याच कारणाने. उणीव आहे ती पाटीवरील पुढच्या ओळींची.

लष्करी क्षेत्र आणि नागरी क्षेत्र यांची विभागणी छावणीच्या प्रशासनात पूर्वापार चालत आली आहे. हीच विभागणी यंत्रणांच्या माहितीला लागू करणे कठीण नाही. नागरी क्षेत्रात माहिती जाहीर करणे हा नियम आणि गुप्तता हा कारणांसह नोंदवलेला अपवाद. लष्करी क्षेत्रात याच्या उलट, अशी व्यवस्था व्यवहार्य ठरेल.

काय करता येईल?

पहिली पायरी फलकाची. प्रत्येक यंत्राजवळ पाच प्रश्नांची उत्तरे सोप्या स्थानिक भाषेत असावीत : हे यंत्र काय करते, ते कोणाच्या मालकीचे आहे, ते कशासाठी बसवले आहे, त्यातील माहिती किती दिवस ठेवली जाते आणि शंका वा तक्रार असल्यास कोणाकडे जावयाचे. वाचता न येणाऱ्यांसाठी चिन्हे असावीत. यंत्र व्यक्तीची ओळख पटवते की नाही, हे वेगळ्या रंगाने दर्शवता येईल.

दुसरी पायरी सामायिक नोंदवहीची. कटक मंडळ, महानगरपालिका, पोलीस आणि रेल्वे यांच्या नागरी भागातील यंत्रणांची एकत्रित यादी उपलब्ध असावी. देशातील तत्कालीन ६२ कटक मंडळांच्या रहिवाशांसाठी फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘ई-छावणी’ हे संकेतस्थळ सुरू झाले. तक्रारी, परवाने, भाडेपट्ट्यांचे नूतनीकरण अशा सेवा त्यावर मिळतात. छावणीपुरती ही नोंदवही त्याच ठिकाणी ठेवता येईल. त्यासाठी नवा कायदा लागणार नाही. माहिती अधिकाराच्या कलम ४ ची अंमलबजावणी पुरेशी आहे.

तिसरी पायरी खरेदीपूर्व छाननीची. व्यक्तीची ओळख पटवणारी किंवा वर्तनाचा अंदाज बांधणारी यंत्रणा घेण्यापूर्वी तिची गरज, अचूकता, खर्च व पर्याय यांविषयीचे टिपण प्रसिद्ध करून हरकती मागवाव्यात. निती आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘डिजियात्रा’चे उदाहरण घेऊन चेहरा ओळखण्याच्या तंत्रज्ञानाच्या जबाबदार वापराची चर्चा केली होती. ती दिशा शहरांच्या रस्त्यांपर्यंत न्यावयास हवी.

चौथी पायरी वार्षिक अहवालाची. किती इशारे आले, त्यांतील किती खरे ठरले, किती प्रकरणांत चित्रण तपासाला उपयोगी पडले, किती यंत्रे बंद होती, ही आकडेवारी दरवर्षी जाहीर व्हावी. यंत्रणेच्या यशाचे मोजमापही त्यातूनच होईल. केवळ बसवलेल्या कॅमेऱ्यांची संख्या हे सुरक्षिततेचे परिमाण होऊ शकत नाही.

अर्थात, फलक लावला की सारे साधले असे मानणेही चुकीचे ठरेल. रस्त्याने जाणे टाळता येत नसल्याने फलक वाचून पुढे गेलेल्या नागरिकाने संमती दिली, असा अर्थ काढता येणार नाही. सूचना ही उत्तरदायित्वाची सुरुवात होय. तक्रारीची वेळेत दखल घेणारा अधिकारी, स्वतंत्र तपासणी आणि चूक सिद्ध झाल्यास ती दुरुस्त करण्याची व्यवस्था यांची जोड तिला मिळावी लागेल.

सारांश, सार्वजनिक जागा ही सर्वांची सामायिक मालमत्ता आहे आणि तेथील डिजिटल यंत्रणा जनतेच्या पैशातून, जनतेच्या नावाने उभ्या राहतात. लखनौ छावणीसारख्या ठिकाणी अनेक अधिकारक्षेत्रे एकत्र येत असल्याने ‘हे कोणाचे?’ हा साधा प्रश्नही अवघड होतो. त्याचे उत्तर खांबावरच लिहिलेले असेल, तर सदर बाजारातील त्या महिलेला चित्रण पुसले जाण्यापूर्वी योग्य कार्यालयात पोहोचता येईल, आणि ज्याच्या चेहऱ्यावर यंत्राने चुकीची खूण केली त्यालाही दाद कोठे मागावयाची हे कळेल.